मिटलेलं बोंड

१

"या बाईच्या मशीनीतून कागद निघेपर्यंत माह्या घरची बुढी चार पोळ्या खाऊन राह्यते, अन् तेही बिना दातानं."

मारोतराव हे पुटपुटले ते भिंतीकडे तोंड करून. पण दिग्रसच्या तहसीलसमोरचं बसंतीबाईंचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान इतकं चिंचोळं, की भिंतीला सांगितलेलं आधी बाईंच्याच कानात पडतं. बाईंनी मान वर केली नाही. बुढीच्या श्रावणबाळ योजनेच्या अर्जाची झेरॉक्स याच मशीनीवर निघाली होती आणि तेव्हा बुढीची काही तक्रार नव्हती, एवढंच त्यांनी ऐकवलं.

मारोतरावांच्या शेजारी वाहिदभाई बसले होते. एरवी अशा बोलण्यावर पहिले हसायचे ते हेच. बाजारपेठेत त्यांचं फ्रेमचं दुकान, आणि त्या दुकानाची 'बोंडवेल' म्हणजे उमरखेडपासून यवतमाळपर्यंत लग्नाच्या फोटोला लागणारी ठरलेली गोष्ट. लाकडाची पट्टी आणि फोटो यांच्यामध्ये जो पुठ्ठ्याचा माउंट असतो, त्याच्यावर चारी बाजूंनी हातानं रंगवलेली कपाशीची वेल: पानं, फुलं, आणि फुटलेली पांढरी बोंडं. आज मात्र वाहिदभाई हातातल्या लिफाफ्याची कड नखानं खरवडत बसले होते.

मारोतरावांना त्यांनी चहा सांगायला पाठवलं, आणि ते रस्ता ओलांडेपर्यंत थांबून लिफाफा पुढे सरकवला.

नोटीस नागपूरच्या एका कंपनीची होती. सजावटीच्या फ्रेमा बनवणारी मोठी कंपनी. मजकूर इंग्रजीत, पण वकिलांचं इंग्रजी बसंतीबाईंना मराठीपेक्षा लवकर कळायचं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तेच टाइप केलेलं. कपाशीच्या वेलीचं हे डिझाइन मूळ कलाकाराकडून आम्ही रीतसर परवान्यानं घेतलेलं आहे, आपण ते स्वतःचं म्हणून विकता, पंधरा दिवसांत विक्री बंद करा, नाहीतर कोर्टात भेटू. खाली सही. मागच्या पानावर वेलीचं चित्र.

वाहिदभाईंनी उत्तराचा मजकूर मनात तयार करूनच आणला होता. डिझाइन माझं स्वतःचं आहे. त्याचा मूळ खाका माझ्या दुकानातून चोरीला गेला आहे. त्या चोरीच्या खाक्यावरून कोणीतरी कंपनीला फसवलं. हे प्रतिज्ञापत्रावर पाहिजे, आणि आजच्या आज. सोमवारी आर्णीच्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाला सव्वाशे फ्रेमा जायच्या होत्या, सगळ्या बोंडवेलीच्या. त्या थांबल्या तर दुकानाचं नाव गेलं, आणि नावावरच तर दुकान चालतं.

बाईंनी विचारलं की संशय कोणावर लिहू.

"नाव कोणाचं नका लिहू," वाहिदभाई म्हणाले. "मले चोर नाई पाह्यजे. मले फक्त माहं डिझाइन माहं हाय, एवढा कागद पाह्यजे."

चोरी झालेला माणूस आणि त्याला चोर नको. बसंतीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. नोटिशीच्या पहिल्या पानाखाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, पान १, एकूण ३. चित्राच्या पानाखाली होतं, पान ३, एकूण ३.

मधलं पान नव्हतं. आणि दोन्ही पानं जोडणारी पिन कोणत्याही वकिलाच्या कचेरीत मिळणारी नव्हती. जाड, रुंद पिन, तिचे पाय पक्कडीनं दाबून आत वळवलेले. तिच्याशेजारी दोन बारीक भोकं, पहिल्या पिनेची.

अशी जाड पिन फ्रेमच्या पाठीला पुठ्ठा ठोकतात त्या गनमध्ये असते.

"अर्धवट नोटिशीवर मी प्रतिज्ञापत्र करत नसतो, भाई," बसंतीबाई शांतपणे म्हणाल्या. तांड्यावरचं ते बोलणं त्यांच्या जिभेवरून कधी गेलं नव्हतं. स्वतःबद्दल बोलताना अधूनमधून पुरुषी थाट यायचा. "उद्या तुमच्या दुकानात येतो. खाका कुठून गेला ते तर पाहू द्या."

वाहिदभाईंचा चेहरा पडला. मदतीचं नाव काढल्यावर माणसाचा चेहरा खुलतो, इथे उलटंच.

२

फ्रेमच्या दुकानात लाकडाचा भुसा देवासारखा सगळीकडे असतो. पट्ट्यांवर, काचांवर, टांगलेल्या प्रत्येक फ्रेमच्या वरच्या कडेवर. बसंतीबाईंनी दारातच उभं राहून सगळ्या भिंती नजरेखालून घातल्या.

मधोमध ती फ्रेम होती, सगळ्या गावाला माहीत असलेली. अकरा वर्षांपूर्वीचं यवतमाळच्या प्रदर्शनाचं कात्रण: वाहिदभाईंच्या अंगावर शाल, हातात नारळ, खाली ओळ, 'कापसाला कलेचं कोंदण देणारे वाहिदभाई.' त्या दिवशीची गोष्टही गाव जाणून होतं. माइकवरच्या माणसानं विचारलं की हे डिझाइन कोणाचं, वाहिदभाईंनी काही सांगायला तोंड उघडलं, आणि उघडलं तेवढ्यात कोणीतरी शाल घातली. शाल एकदा अंगावर पडली की माणूस काय बोलणार होता ते शालीच्या आतच राहतं.

खाका ठेवायचा खण वाहिदभाईंनी उघडून दाखवला. खण रिकामा. कुलूप शाबूत. किल्ली कोणाकडे, तर आपल्याकडेच. एवढं सांगून ते गिऱ्हाइकाकडे वळले, आणि तिकडेच अडकून बसले.

मारोतराव मागच्या खोलीत काच कापत होते. वाहिदभाईंचे ते जुने सोबती. ऑर्डरी घ्यायच्या, माल पोचवायचा, नागपूरहून पट्ट्या आणायच्या. चोरीची बातमी रात्रीतून फिरली होती, म्हणजे गावाच्या हिशेबी चोर तेच. त्यांनाही ते ठाऊक होतं. बाई समोर बसताच त्यांनी काचेवर हिऱ्याची रेघ जरा जास्तच जोरात ओढली.

"मी महिन्यातून दोनदा नागपूरले जातो, म्हणून मी चोर," ते म्हणाले. "एसटीचा कंडक्टर तर रोज जाते. त्याले पकडा."

बाईंनी नोटिशीतलं चित्र त्यांच्यापुढे धरलं आणि हे बोंडवेलच आहे ना, एवढंच विचारलं. मारोतरावांनी ओझरतं पाहिलं. मग हातातली काच खाली ठेवून नीट पाहिलं.

वेलीत एक बोंड मिटलेलं होतं.

ते तर असायचंच. बोंडवेलीची ती रीतच होती आणि मारोतरावांनी ती समजावून सांगितली. ऑर्डर घेताना गिऱ्हाइकाला दुकानात एक प्रश्न हटकून विचारतात: फोटो लागणार त्या भिंतीला दार कोणत्या अंगाला आहे. चिठ्ठीवर 'डावं' किंवा 'उजवं' लिहून घेतात. त्या अंगाला, खालच्या पट्टीवर, एक बोंड मिटलेलं काढतात. नजर दारातूनच येते ना. तिला आधी ते मिटलेलं दिसलं की या घरचं अजून फुटायचं आहे असं समजून ती आल्या पावली जाते. सगळी बोंडं फुटलेली अशी फ्रेम या दुकानातून आजवर एकही गेली नाही.

"पण हे वर हाय," मारोतराव चित्रावर बोट ठेवून म्हणाले. "वरच्या पट्टीवर, उजवीकडं. नजर काय छपरातून येते?"

मग त्यांना आणखी एक दिसलं आणि ते हसले, बाई आल्यापासून पहिल्यांदा. माउंटची खालची पट्टी नेहमी वरच्यापेक्षा बोटभर रुंद ठेवतात, नाहीतर फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो. या धंद्यात आलेलं माणूस पहिल्या आठवड्यात हे शिकतं. चित्रात रुंद पट्टी वर होती. नागपूरच्या त्या मोठ्या कंपनीनं अख्खी वेल उलटी घेतली होती.

बाईंनी चित्र फिरवलं. रुंद पट्टी खाली आली, मिटलेलं बोंड खाली डावीकडे. अगदी रीतीप्रमाणे.

मग त्यांनी खाक्याचं विचारलं. खाका म्हणजे टोचणीनं भोकं पाडलेला कागद. माउंटवर ठेवून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली की ठिपके उमटतात, आणि ठिपक्यांवरून वेल काढायची. अख्खी वेल त्याच्यावर असते का? तर नाही. खाका एका कोपऱ्याचा. तोच चारदा उलटसुलट करून चार कोपरे होतात. आणि मिटलेलं बोंड? ते खाक्यात नसतंच. ते वेगळं, नुसत्या हातानं...

मारोतराव थांबले.

"कोणाच्या हातानं?" बाईंनी विचारलं.

मारोतरावांनी पुन्हा काच उचलली. दुकानाच्या हातानं, असं काहीतरी ते पुटपुटले, आणि मग खालच्या आवाजात म्हणाले की बाई, तुम्हाला तरी काय माहीत नाही.

बाई उठल्या. खाक्यावरून हे चित्र निघालेलंच नव्हतं. मग खाका चोरीला गेला तरी कशाला? बाहेर पडताना त्या शालीच्या फ्रेमपाशी क्षणभर थांबल्या आणि वरच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. दुकानातल्या प्रत्येक फ्रेमवर भुसा होता. या एकीवर नव्हता.

वळून पाहिलं तर वाहिदभाई गिऱ्हाइकाला सोडून त्यांच्या बोटाकडे बघत होते.

३

दुकानाचं रंगकाम करणाऱ्या कौसल्याचं घर बौद्धपुऱ्याच्या टोकाला, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचा मांडव. तिचा नवरा उकंडा जाऊन बारा वर्षं झाली होती. मांडवात पाटावर माउंट ठेवून ती रंगवत बसलेली. बाजूला आर्णीच्या फ्रेमांचे माउंट एकावर एक रचलेले. अजून बाराएक उरले असावेत.

बसंतीबाईंना पाहून ती उठायला लागली तर बाईंनी तिला तसंच बसवलं आणि आपण तिच्या मागे, दाराजवळच्या स्टुलावर टेकल्या. बोलायला घाई केली नाही. बोलण्यापेक्षा हात पाहावा, असं त्यांना वाटलं.

कौसल्या आधी दूरच्या कडेला रंग लावत होती आणि तिथून आपल्याकडे येत होती. असं का, ते तिनं मान न वळवता सांगितलं. जवळचं आधी रंगवलं तर दूरचं करताना ओल्या रंगावर बाही घासते. आणि खालची पट्टी पहिल्यांदा करायची, कारण माणसाची नजर तिथेच पडते आणि सकाळचा हात ताजा असतो. म्हणून माउंट उलटा ठेवायचा, खालची बाजू पलीकडे.

"अन् त्याच्यातही आधी मिटलेलं बोंड," ती म्हणाली. "मिटलेलं आधी, फुटलेले मागून. वावरातही तसंच राह्यते ना, बाई."

बसंतीबाईंनी पिशवीतून नोटिशीतलं चित्र काढलं आणि कौसल्याच्या खांद्यावरून दिसणाऱ्या माउंटशेजारी धरलं. रुंद पट्टी वर. मिटलेलं बोंड वर, उजवीकडे. या स्टुलावरून वेल दिसत होती तशीच्या तशी.

म्हणजे हे चित्र फ्रेमच्या धंद्यातल्या माणसानं दिलेलं नव्हतं. वाहिदभाई किंवा मारोतराव वेल उलटी देणं शक्यच नव्हतं. झोपेतसुद्धा दिली नसती. ज्यानं दिलं त्यानं ती इथे बसून पाहिली होती, कौसल्याच्या पाठीमागून, आणि पाहिली तशी पुढे धाडली होती.

स्टुलाच्या बाजूला शेणानं सारवलेल्या जमिनीवर तीन बारीक खळगे होते, त्रिकोणात. मोबाईल उभा करायच्या तिपाईचे असतात तसले.

इथे कोण बसतं, असं बाईंनी विचारल्यावर कौसल्याचा हात थांबला. तिनं ब्रश पाण्यात बुडवला, पुसला, पुन्हा बुडवला. नुजहत येते अधूनमधून, ती म्हणाली. पोरगी आहे, बसते घटकाभर. मग तिनं भलताच प्रश्न विचारला: दुकान बंद पडेल का.

बाईंनी खरं ते सांगितलं, की सोमवारपर्यंत उत्तर नीट गेलं नाही तर पडूही शकेल.

कौसल्यानं ब्रश पुन्हा रंगात बुडवला. मग पहिला खाका कुठे काढला होतास, एवढं बाईंनी विचारलं, आणि ती नकळत हसली. याच मांडवात. दुकानात कामाला जायच्या आधी, उकंडा आजारी होता तेव्हा, रात्र जाता जात नव्हती म्हणून.

"घरात एकच कोरा कागद होता," ती म्हणाली, "अन् तोही एका अंगानंच कोरा."

त्याच्या दुसऱ्या अंगाला काय होतं, हे विचारायला बसंतीबाईंनी तोंड उघडलं होतं. पण कौसल्या रडत होती, आवाज न करता, माउंटवर थेंब पडू नये म्हणून मान बाजूला वळवून.

४

नुजहत वाहिदभाईंची मुलगी, तेवीस वर्षांची, कॉमर्स झालेली. दुकानाचं इन्स्टाग्रामचं पान तीच चालवायची. बसंतीबाईंनी तिला आपल्या दुकानात बोलावलं, झेरॉक्सचं मशीन बंद केलं, आणि समोर चित्र ठेवलं. दुसरं काही केलं नाही.

नुजहतनं ते फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि डोक्याला हात लावला.

"मावशी, हे तर माह्या व्हिडिओतलं हाय," ती म्हणाली. "त्यांनी सीधंही केलं नाई?"

मग सगळं घडाघडा आलं. मागच्या वर्षी तिनं कौसल्यामावशीच्या हातांचा व्हिडिओ काढला होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, खांद्यावरून. दुकानाच्या पानावर टाकायला गेली तर अब्बांनी नुसतं पाहिलं आणि म्हणाले की हात नको, तयार फ्रेम टाक. ते रागावले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते तिला विसरता आलं नाही. लहानपणापासून ती त्या शालीच्या फ्रेमखाली अभ्यासाला बसत आली होती, आणि वेल कोण काढतं हेही लहानपणापासून पाहत आली होती.

पुढे नागपूरच्या कंपनीची जाहिरात दिसली: हातानं काम करणाऱ्या कलाकारांची डिझाइनं हवीत. तिनं व्हिडिओ पाठवला. कंपनीनं फॉर्म पाठवला. फॉर्म इंग्रजीत, चार कलमं तिनं वाचली, बाकीच्यांवरून नजर फिरवली. तो घेऊन ती मांडवात गेली आणि कौसल्यामावशीला म्हणाली की पैशाचं राहू द्या, पण नाव येईल.

"फॉर्मवर एक रकाना होता मावशी. कलाकाराचं नाव." नुजहतनं बोटानं टेबलावर चौकोन काढला. "त्यांनी मले तो रकाना तीनदा वाचाले लावला. मंग म्हणे, असं कोणी आजवर इचारलं नाई. अन् सही केली."

कंपनी उद्या दुकानावरच उलटेल हे दोघींच्या ध्यानीमनीही नव्हतं. नोटीस आली त्या दिवसापासून अब्बा नुजहतशी बोललेले नव्हते. रागानं नाही. जेवायला बसायचे, तिच्या ताटात भाजी वाढायचे, आणि गप्प.

बसंतीबाईंनी चष्मा पुसला. बापानं मुलीला काही विचारलं नव्हतं, कारण विचारायची गरज नव्हती. मधल्या पानावर काय असणार हे आता बाईंना कळलं होतं: सही केलेला करार, कलाकाराच्या नावासकट. पिन कोणी काढली तेही कळलं होतं, आणि कुलूप न तुटता खण कसा रिकामा झाला तेही.

एक गोष्ट मात्र त्यांना खुपत होती, आणि ती त्यांनी नुजहतला सांगितली नाही. प्रत्येक फ्रेमच्या पाठीला जी चिठ्ठी चिकटवलेली असते, 'डिझाइन: वाहिद फ्रेम वर्क्स, दिग्रस', ती चिठ्ठी अकरा वर्षांपूर्वी टाइप कोणी केली होती? बसंतीबाईंनी. वेल कोणाची ते तेव्हाही त्यांना माहीत होतं. गिऱ्हाईक सांगतं ते टाइप करायचं, असं त्यांनी स्वतःच्या मनाला सांगितलं होतं. मन काय, त्याला टायपिंगचे नियम कुठे ठाऊक.

"सकाळी कौसल्याले घेऊन तुमच्या दुकानात ये," त्या नुजहतला म्हणाल्या. "अन् तुह्या अब्बाले आधी सांगू नको."

५

सकाळी दुकानात पाच माणसं होती आणि बसायला तीन स्टुलं. कौसल्या दाराजवळ उभी राहिली, कायम राहायची तिथेच. मारोतराव काच कापायचं सोडून आले. वाहिदभाई गल्ल्यामागे.

बसंतीबाईंनी कोणाचीही परवानगी न घेता शालीची फ्रेम भिंतीवरून उतरवली आणि टेबलावर पालथी घातली. पाठीचा तपकिरी कागद नवा कोरा होता, खळीचा आंबूस वास अजून येत होता. अकरा वर्षांची जुनी फ्रेम आणि तीन दिवसांची पाठ.

"दुसरा कोणी असता तर चुलीत घालून मोकळा झाला असता," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या हातून कागद जळत नाही, भाई. कागद दिसला की त्याच्यामागे पुठ्ठा आणि पुढे काच."

 दुकान वाहिदभाईंच्या अम्मीनं, जैबुनबीनं, घरातल्या एका खोलीत सुरू केलं होतं, आणि लोकांचा कागद म्हणजे अमानत, हे तिचं सांगणं दुकानात येणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेलं होतं. मारोतरावांनी न सांगता पटाशी पुढे केली.

पाठ उघडली. आत दोन कागद निघाले.

पहिला खाका. पिवळा पडलेला, हजार भोकांचा, कोळशानं काळा. बसंतीबाईंनी तो उलटवला आणि उजेडाकडे धरला. दुसऱ्या अंगाला वीज मीटरचा अर्ज होता. अर्जदार: कौसल्या उकंडा मनवर. तारीख, यवतमाळच्या प्रदर्शनाच्या वर्षभर आधीची. आणि प्रत्येक ओळीत 'र' हे अक्षर जरा वर उडालेलं. त्यांचं जुनं मशीन. संगणक यायच्या आधीचं, भंगारात गेलं तरी त्यांच्या बोटांना आठवणारं. हा अर्ज त्यांनीच टाइप केला होता. त्यात चूक झाली म्हणून दुसरा करून दिला आणि हा कौसल्यानं घरी नेला, मागची बाजू कोरी आहे म्हणून.

खाका चोरीला जायचं कारण हेच होतं. वेल कोणाची हे त्याच्या पाठीवर तारखेसकट लिहिलेलं होतं.

दुसरा कागद नोटिशीचं मधलं पान. करार. कौसल्याची सही, अक्षरं एकेक करून जोडलेली. बाईंनी चष्मा नीट बसवला आणि पान सावकाश वाचलं, वकील वाचत नाहीत तितकं सावकाश. सहाव्या कलमापर्यंत त्यांचा चेहरा तसाच होता. सातव्याला त्या थांबल्या, मागे गेल्या, पुन्हा वाचलं.

"भाई, तुम्ही हे पान वाचलं होतं?"

"नाव वाचलं," वाहिदभाई म्हणाले. "मंग पुढचं दिसलं नाई."

बाईंनी सातवं कलम मराठीत सांगितलं. कंपनीला परवाना मिळाला आहे तो छापील आणि मशीनवरच्या मालाचा. कलाकारानं स्वतःच्या हातानं काढलेलं काम कलाकार पूर्वीसारखंच विकू शकतो, किंवा दुसऱ्या दुकानातून विकायला देऊ शकतो. अट एकच. त्या कामावर कलाकाराचं नाव असलं पाहिजे.

 बाहेर कापसाची एक गाडी हॉर्न देत गेली.

मग बसंतीबाईंनी राहिलेलं सांगितलं. वेल उलटी होती, म्हणून ती मारोतरावांनी दिलेली नाही. खाक्यात मिटलेलं बोंड नसतं, म्हणून खाक्यावरून ती निघालेली नाही. ती नुजहतच्या व्हिडिओतून गेली, कौसल्याच्या सहीनं, आणि कौसल्याला सही करायचा हक्क होता. कंपनीला वाटलं की दिग्रसचं हे दुकान त्यांच्या कलाकाराची वेल स्वतःच्या नावानं विकतं, म्हणून त्यांनी नोटीस धाडली. ज्या पानानं दुकान वाचतं तेच पान शालीच्या मागे ठोकून ठेवलं होतं.

"चूक झाली भाई," कौसल्या दारातून म्हणाली, इतक्या हळू की आधी कोणाला कळलं नाही. "मले वाटलं नाई दुकानावर येईल. मी मागं घेते सही. तुम्ही लिहा का वेल तुमचीच हाय. मी सही करते त्याच्यावर."

नुजहत काही बोलायला गेली, बाईंनी तिचा हात दाबला.

मारोतराव भिंतीकडे पाहत होते. शालीची फ्रेम होती तिथे आता चौकोनी उजळ डाग दिसत होता, भोवतालच्या भिंतीपेक्षा अकरा वर्षांनी कोवळा.

बसंतीबाईंनी पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर उघडला, कात्रणाच्या शेजारी. उत्तर एका पानाचं होतं, त्या म्हणाल्या. खाक्याच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडायची, सव्वाशे फ्रेमांच्या चिठ्ठ्या बदलायच्या, आणि सोमवारी गाडी आर्णीला जाईल. पण पहिली ओळ मालकानं स्वतः सांगायची. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी विचारलं नव्हतं. आज विचारत होत्या.

"सांगा भाई. डिझाइन कोणाचं, काय लिहू?"

वाहिदभाई गल्ल्यामागून बाहेर आले. एक स्टूल उचलून त्यांनी दाराशी नेलं, कौसल्याच्या बाजूला ठेवलं, आणि ती बसेपर्यंत थांबले. ती चटकन बसली नाही. ते थांबले. शेवटी ती टेकली तेव्हा त्यांनी बसंतीबाईंकडे नाही, तिच्याकडेच पाहिलं.

"लिहा," ते म्हणाले. "वेल कौसल्याची हाय. पहिल्या दिवसापासून तिचीच. माही कधीच नव्हती."